न्यू साउथ वेल्सच्या विधानसभेला उभे राहायचे असेल तर

ऑस्ट्रेलियाच्या न्यू साउथ वेल्स राज्यात उमेदवार होणे स्वस्त आहे. विधानसभेसाठी २५० डॉलर अनामत आणि अपक्ष असाल तर तुमच्याच मतदारसंघातल्या २५ मतदारांच्या सह्या, एवढ्यावर मतपत्रिकेवर नाव येते. महाराष्ट्रात खुल्या प्रवर्गातल्या उमेदवाराला दहा हजार रुपये भरावे लागतात आणि ती रक्कम वाचवायला एकषष्ठांशाहून जास्त मते लागतात. इथे पहिल्या पसंतीच्या मतांपैकी चार टक्के मिळाली की अनामत परत. लोक अडकतात ते अर्जावर नाही, तर अर्जाच्या सहा महिने आधी घेतलेल्या पहिल्या देणगीवर, छापलेल्या पहिल्या पत्रकावर आणि 'बघू की शेवटच्या दिवशी' या सवयीवर. म्हणून या लेखात पैशाचा भाग लांबला आहे आणि भाषणांचा जवळजवळ नाहीच.

खालच्या तारखा आणि रकमा प्रामुख्याने मार्च २०२३ च्या निवडणुकीच्या आहेत. देणगी आणि खर्चाच्या मर्यादा महागाईप्रमाणे वाढवल्या जातात, तेव्हा आकडा लिहून घेताना राज्य निवडणूक आयोगाच्या ताज्या उमेदवार पुस्तिकेशी ताडून घ्या. मतदान एरवी दर चार वर्षांनी मार्चच्या चौथ्या शनिवारी असते. २०२७ मध्ये तो शनिवार २७ मार्च, म्हणजे ईस्टरच्या आदला दिवस. त्यामुळे तारीख कॅलेंडर बघून धरू नका, आयोगाच्या अधिकृत वेळापत्रकावरूनच घ्या.

उभे कोण राहू शकते

ऑस्ट्रेलियाचे नागरिकत्व, वय १८ पूर्ण आणि राज्याच्या मतदारयादीत नाव, या मूळ अटी. कायम निवासाचा व्हिसा पुरत नाही. ज्या मतदारसंघात उभे राहायचे तिथेच राहत असण्याची सक्ती नाही. राज्यात कुठेही नाव नोंदलेले असले तरी चालते. मतदारांना मात्र बाहेरचा उमेदवार लगेच ओळखू येतो.

भारतातून आलेल्यांना हमखास पडणारा प्रश्न दुहेरी नागरिकत्वाचा. २०१७ मध्ये केंद्रातल्या अनेक खासदारांची पदे गेली ती ऑस्ट्रेलियाच्या राज्यघटनेतल्या कलम ४४ मुळे. ते कलम केंद्रीय संसदेपुरते आहे. राज्याच्या विधिमंडळाला राज्याचा स्वतःचा घटना कायदा लागतो आणि जन्माने किंवा आधीपासून दुसरे नागरिकत्व असणे एवढ्यावरून तो कोणाला अडवत नाही. शिवाय परदेशी नागरिकत्व स्वीकारताच भारताचे नागरिकत्व आपोआप संपते, आणि ओसीआय कार्ड म्हणजे नागरिकत्व नव्हे. तरी भारतीय पासपोर्ट परत केल्याचा दाखला फाइलमध्ये ठेवा. पुढे कधी केंद्राच्या निवडणुकीचा विचार झाला तर पहिला कागद तोच मागितला जाईल.

राज्य शासनाच्या सेवेत असाल तर आधी आपल्या मनुष्यबळ विभागाकडून लेखी घ्या. शासकीय कर्मचाऱ्याला उमेदवारीसाठी रजा मिळते, पण निवडून आल्यावर राजीनामा द्यावा लागतो. शाळा, रुग्णालय, रेल्वे यांचे सेवानियम वेगवेगळे असतात, त्यामुळे दुसऱ्या खात्यातल्या मित्राच्या अनुभवावर विसंबू नका.

विधानसभा की विधान परिषद, पक्ष की अपक्ष

विधानसभेत ९३ जागा, प्रत्येक मतदारसंघात एक आमदार आणि साधारण साठ हजार मतदार. विधान परिषदेत ४२ सदस्य. त्यातले २१ दर निवडणुकीत आठ वर्षांसाठी निवडले जातात आणि अख्खे राज्य हाच एक मतदारसंघ असतो. परिषदेचा कोटा, म्हणजे एक जागा मिळवायला लागणारा मतांचा वाटा, सुमारे ४.५५ टक्के. परिषदेच्या मतपत्रिकेवर आडवी रेष असते, वर गटांच्या चौकटी आणि खाली एकेका उमेदवाराच्या. रेषेच्या वर चौकट हवी असेल तर गटात किमान १५ उमेदवार लागतात. बहुतेक मतदार रेषेच्या वर एकच आकडा लिहून मोकळे होतात, त्यामुळे एकट्या अपक्षाने परिषदेला उभे राहणे म्हणजे अनामत दान करणे. नवखा अपक्ष असाल तर विधानसभेचाच विचार करा.

स्वतःचा पक्ष काढून उभे राहण्याची कल्पना बैठकीत छान वाटते. त्यासाठी ७५० सदस्य लागतात आणि मतपत्रिकेवर पक्षाचे नाव यायला नोंदणी निवडणुकीच्या १२ महिने आधी झालेली असावी लागते. हा कडकपणा १९९९ नंतर आला. त्या वर्षी परिषदेला २६४ उमेदवार होते, मतपत्रिका सुमारे एक मीटर रुंद झाली, लोकांनी तिला टेबलक्लॉथ म्हटले, आणि अर्धा टक्काही मते नसलेला एक उमेदवार पसंतीच्या देवाणघेवाणीवर निवडून आला.

मोठ्या पक्षाकडून तिकीट हवे असेल तर निवडणुकीच्या वर्षी पक्षात जाऊन काही होत नाही. अंतर्गत निवडीत मत द्यायला आणि उभे राहायला सदस्यत्वाची मुदत लागते, आणि जिंकण्याजोग्या जागांचे उमेदवार बरेच आधी ठरतात. उरतात त्या पक्ष हरणारच अशा जागा. त्या घ्याव्यात का? घ्याव्यात, पण डोळे उघडे ठेवून. पक्ष तिथे पैसा आणि माणसे पाठवणार नाही. तुम्हाला मिळेल ती ओळख आणि पुढच्या वेळचा दावा. भारतीय वंशाच्या लोकांनी इथे जागा जिंकल्या आहेत: २०१९ मध्ये कॉफ्स हार्बरमधून गुरमेश सिंग, २०२३ मध्ये लिव्हरपूलमधून करिश्मा कालियांदा. दोघेही मोठ्या पक्षांचे उमेदवार होते, आणि कॉफ्स हार्बर तर काही भारतीय मतदारांच्या जोरावर जिंकायची जागा नव्हे. आपल्या समाजाची मते एकगठ्ठा मिळतील हे गृहीत धरून आखलेली मोहीम पहिल्या आठवड्यातच उघडी पडते.

पैसा : ऑक्टोबरच्या आधी

उमेदवारी अर्ज आणि देणगी-खर्चासाठीची नोंदणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि नवखे लोक सर्वांत जास्त इथेच घसरतात. अर्ज मार्चमध्ये भरतात, पण मोहिमेसाठी देणगी घ्यायची किंवा खर्च करायचा असेल तर त्याआधीच आयोगाकडे उमेदवार म्हणून नोंदणी झालेली हवी. 'अजून अर्ज कुठे भरलाय' हे उत्तर चालत नाही. पुढचा क्रम असा ठेवा.

१. आयोगाकडे नोंदणी करा. पक्षाच्या उमेदवाराचे हिशेब पक्षाचा एजंट बघतो. अपक्षाचा अधिकृत एजंट तो स्वतःच, दुसरा कोणी नेमला नाही तर.

२. मोहिमेसाठी वेगळे बँक खाते उघडा. घरखर्चाच्या खात्यातून एकही पत्रक छापू नका.

३. पावतीपुस्तक आणि देणगीदारांची वही पहिल्या दिवसापासून ठेवा: नाव, पत्ता, तारीख, रक्कम, पैसे कोणत्या मार्गाने आले.

४. प्रत्येक देणगीदाराला घेण्याआधी तीन प्रश्न विचारा. तुम्ही मतदारयादीत आहात का? हे पैसे तुमचे स्वतःचे आहेत का? तुम्ही किंवा तुमचा जोडीदार बांधकाम विकसन, तंबाखू, दारू किंवा जुगाराच्या धंद्यात आहात का?

तिसरा प्रश्न विचारायला अवघड वाटतो, विशेषतः ओळखीतला माणूस पाकीट काढून उभा असताना. तरीही विचाराच. या चार धंद्यांतल्या लोकांकडून राज्य निवडणुकीसाठी देणगी घेण्यावर पूर्ण बंदी आहे, आणि विकसकाच्या बाबतीत ती कंपनीचे संचालक आणि त्यांच्या जोडीदारांपर्यंत पोचते. २०१४ मध्ये न्यूकॅसल आणि चार्ल्सटाउनच्या दोन आमदारांनी विकसकाकडून रोख घेतल्याचे भ्रष्टाचारविरोधी आयोगासमोर उघड झाल्यावर आमदारकी सोडली. बंदीला दिलेले आव्हान २०१५ मध्ये उच्च न्यायालयाने, म्हणजे इथल्या सर्वोच्च न्यायालयाने, फेटाळले.

रोख रक्कम १०० डॉलरपर्यंतच घेता येते. एका देणगीदाराकडून आर्थिक वर्षात १,००० डॉलर किंवा जास्त आले की ते जाहीर करावे लागते, आणि यात छोट्या रकमांची बेरीज धरतात. ३०० डॉलर चारदा दिले तर ते १,२०० होतात. एकट्या उमेदवाराला एका देणगीदाराकडून वर्षाला घेता येणारी कमाल रक्कम तीन हजार डॉलरच्या आसपास असते. स्वतःचे पैसे स्वतःच्या प्रचाराला लावायला ही मर्यादा नाही. भारतातल्या मामाने प्रेमाने पाठवलेले पैसे घेता येत नाहीत.

देणगी म्हणजे फक्त पैसे नव्हेत. कोणी हॉल फुकट दिला, छपाई निम्म्या दरात करून दिली, तर त्याचा बाजारभाव देणगी म्हणून नोंदवावा लागतो. स्वयंसेवकाने फुकट केलेले काम मात्र देणगीत धरत नाहीत. निधीसाठी जेवण ठेवले तर तिकिटाचे पैसेही देणगीच. अशा जेवणाचा धडा जुना नाही. २०१५ मध्ये लेबर पक्षाच्या चिनी समर्थकांच्या एका जेवणानंतर एक लाख डॉलर रोख पक्ष कार्यालयात आल्डी या सुपरमार्केटच्या पिशवीतून पोचले. देणगीदार म्हणून ज्यांची नावे लिहिली गेली त्यांनी पैसे दिलेच नव्हते, असे भ्रष्टाचारविरोधी आयोगाने २०२२ च्या अहवालात म्हटले. आपल्याकडे दिवाळीच्या कार्यक्रमात एकाने दहा जणांची तिकिटे स्वतःच्या कार्डावर काढणे नेहमीचे आहे. निधीच्या जेवणात तेच झाले तर देणगीदार तो एकटा ठरतो, उरलेले नऊ नव्हेत, आणि मर्यादा तिथेच ओलांडली जाऊ शकते.

महाराष्ट्र मंडळाचे व्यासपीठ, बॅनर किंवा सदस्यांची ईमेल यादी वापरू नका. मंडळ नोंदणीकृत धर्मादाय संस्था असेल तर एखाद्या उमेदवाराचा प्रचार हा तिचा उद्देश असूच शकत नाही. तुम्ही हराल आणि सुटाल, पण मंडळाची नोंदणी धोक्यात येईल. उमेदवार म्हणून तुम्हाला मतदारयादी मिळते. ती निवडणुकीच्या कामापुरती वापरायची असते, पुढे धंद्याच्या जाहिरातीसाठी नाही.

खर्चाची मर्यादा १ ऑक्टोबरपासून मतदानाच्या दिवसापर्यंतच्या खर्चाला लागते. २०२३ मध्ये एका मतदारसंघात पक्षाच्या उमेदवाराला सुमारे १ लाख ३२ हजार आणि अपक्षाला सुमारे १ लाख ९८ हजार डॉलरची मुभा होती. बहुतेक अपक्ष तिच्या जवळपासही जात नाहीत. आधीच्या काळापेक्षा निवडणूक जवळ आल्यावर देणग्या जाहीर करण्याची घाई वाढते: निवडणूकपूर्व काळात मोठी देणगी २१ दिवसांत कळवावी लागते, एरवी सहामाही विवरणपत्र.

अर्ज भरण्याचे दिवस

२०२३ चे वेळापत्रक पाहा म्हणजे अंगावर येणारा वेग कळेल. ६ मार्च, सोमवार: निवडणुकीचे आदेश निघाले. ८ मार्च, बुधवार, दुपारी १२: अर्ज बंद. १८ मार्च: आगाऊ मतदान सुरू. २५ मार्च: मतदान. आदेश निघाल्यावर सह्या गोळा करू म्हणणाऱ्याला हाती जेमतेम दोन दिवस मिळतात.

अपक्षाने सूचकांच्या सह्या २५ नव्हे, चाळीस घ्याव्यात. बाद होणाऱ्या सह्यांची कारणे ठरलेली आहेत: घर बदलले पण यादीत जुना पत्ता, सूचक शेजारच्या मतदारसंघातला, नाव यादीत वेगळ्या स्पेलिंगने, किंवा माणूस नागरिकच नाही. मतदारसंघाच्या सीमा रस्त्याच्या मधून जातात. एकाच गल्लीतली समोरासमोरची घरे वेगवेगळ्या आमदाराची असू शकतात. प्रत्येक सूचकाला सही करण्याआधी आयोगाच्या संकेतस्थळावर स्वतःची नोंदणी तपासायला सांगा आणि तिथे दिसते तसेच नाव-पत्ता लिहून घ्या.

अर्जासोबत मुलांशी संबंधित गुन्ह्यांबाबतचे घोषणापत्र द्यावे लागते. ते विसरले तर अर्ज अपुरा. स्वतःच्या नावापुढे 'अपक्ष' हा शब्द हवा असेल तर तो अर्जात मागावा लागतो, नाहीतर नावाखालची जागा कोरी राहते. नेहमीचे लघुनाव छापून घेता येते. 'ज्ञानेश्वर'ला सगळे 'ज्ञान' किंवा 'नेश' म्हणत असतील तर फलकावर आणि मतपत्रिकेवर एकच नाव जाईल हे आधीच ठरवा. मतदाराने मतपत्रिकेवर शोधत बसू नये.

अर्ज मुदतीच्या दोन दिवस आधी द्या आणि निवडणूक अधिकाऱ्याकडून तपासून घ्या, म्हणजे चूक सुधारायला वेळ राहतो. मुदतीला दया नसते. ऑगस्ट २०२४ मध्ये या राज्याच्या लिबरल पक्षासारख्या जुन्या, पगारी कर्मचारी असलेल्या पक्षाने महापालिका निवडणुकांचे अर्ज वेळेत भरले नाहीत. सुमारे १४० उमेदवार १६ महापालिकांतून बाहेर राहिले आणि पक्षाच्या राज्य संचालकाची नोकरी गेली.

अर्ज बंद झाल्यावर मतपत्रिकेवरचा क्रम सोडतीने ठरतो, आडनावाच्या अक्षराने नाही. कोणत्या चौकटीत कोणता आकडा लिहायचा हे मतदाराला दाखवणारे पत्रक क्रम कळेपर्यंत छापायला देऊ नका. बाकीचा मजकूर तयार ठेवा.

पसंतीक्रम, आणि मागायचे काय

महाराष्ट्रात पदवीधर किंवा शिक्षक मतदारसंघात मत दिलेल्यांना पसंतीचे आकडे नवे नाहीत. इथला खरा गोंधळ वेगळाच आहे. केंद्राच्या प्रतिनिधीगृहाच्या निवडणुकीत सगळ्या चौकटींत आकडे लिहावे लागतात. न्यू साउथ वेल्सच्या विधानसभेत नुसते १ लिहिले तरी मत वैध. पुढचे आकडे ऐच्छिक. मात्र ज्याच्यापुढे १ लिहिले तो बाद झाला आणि पुढे आकडाच नसला, तर ते मत मोजणीतून बाहेर पडते.

यावर तुमची भूमिका तुमच्या जागेप्रमाणे ठरते. पहिल्या दोघांत येणार असाल तर छोट्या उमेदवारांकडून पसंती मिळवणे जीवनमरणाचा प्रश्न आहे, म्हणून त्यांच्या पत्रकावर तुमचे नाव दुसऱ्या क्रमांकावर यावे यासाठी बोला. तिसरे-चौथे येणार असाल तर तुमच्या पत्रकावर दुसऱ्या चौकटीत कोणाचे नाव आहे हीच तुमच्याकडची एकमेव वजनदार गोष्ट. ती फुकट देऊ नका. २०२३ मध्ये राइड मतदारसंघ फेरमोजणीनंतर ५४ मतांनी ठरला. तिथे एका बूथवरच्या पत्रकवाटपानेही निकाल फिरला असता.

पत्रके आणि फलक

प्रत्येक साहित्यावर ते कोणी अधिकृत केले त्याचे नाव-पत्ता आणि छापील असेल तर मुद्रकाचे नाव-पत्ता हवे. पोस्ट बॉक्स नको, खरा पत्ता द्या. मतदानाच्या दिवशी वाटायचे साहित्य आधी आयोगाकडे नोंदवावे लागते. मराठी, हिंदी, पंजाबी पत्रक काढले तर इंग्रजी भाषांतर सोबत द्या, आणि दोन्हींचा अर्थ तंतोतंत जुळू द्या. नोंदणी नाकारली तर हजारोंची छपाई रद्दीत जाते, म्हणून मंजुरीआधी छापखान्याला हिरवा कंदील नाही.

मतदान केंद्रावरच्या फलकाची कमाल मर्यादा ८,००० चौरस सेंटीमीटर. ६० बाय ९० सेंटीमीटरचा प्लास्टिक फलक ५,४०० भरतो, म्हणजे बिनधोक. ९० बाय १२० चा १०,८०० होतो. तो केंद्रावर नेऊ नका. विजेच्या खांबांवर आणि सरकारी मालमत्तेवर लावू नका. खासगी कुंपणासाठी घरमालकाची परवानगी मेसेजवर लेखी घ्या. भाडेकरूने हो म्हटले आणि मालकाने फलक उखडला, असे होत राहते.

टीव्ही-रेडिओ जाहिराती मतदानाआधीच्या बुधवारी मध्यरात्री बंद होतात. इंटरनेटला आणि वर्तमानपत्रांना ही बंदी नाही.

मतदान

भारतात प्रचार आधीच थंडावतो आणि केंद्रापासून १०० मीटरच्या आत कोणी चिठ्ठीही वाटत नाही. इथे मतदान संपेपर्यंत प्रचार चालतो, आणि प्रवेशद्वारापासून सहा मीटर सोडले की पत्रक हातात देता येते. म्हणून सगळी कसरत माणसांची. मतदारसंघात साधारण वीस-पंचवीस केंद्रे धरली, सकाळी ८ ते संध्याकाळी ६, प्रत्येकी दोन माणसे आणि तीन पाळ्या, तर शंभर-दीडशे स्वयंसेवक लागतात. एवढे नसतील तर सगळीकडे एकेक उभा करू नका. मागच्या निकालांत जास्त मतदान झालेली आठ-दहा केंद्रे निवडा आणि ती पूर्ण दिवस धरा.

त्याआधीचा आठवडा मात्र सोडू नका. २०२३ मध्ये दहा लाखांहून अधिक लोकांनी आगाऊ मत दिले, तेही प्रत्येक मतदारसंघात मोजक्याच केंद्रांवर. तीन स्वयंसेवक तिथे आठवडाभर उभे राहिले तर शनिवारच्या तीसांपेक्षा जास्त मतदारांना भेटतात. नवखे उमेदवार सगळी माणसे शनिवारसाठी राखतात आणि तोवर मतदारसंघाचा मोठा भाग मत देऊन गेलेला असतो.

स्वयंसेवकांना तीनच सूचना द्या. सहा मीटरची रेष ओलांडायची नाही, वाद घालायचा नाही, आणि 'कोणाला मत दिले' हे विचारायचे नाही. टोपी, पाणी आणि सनस्क्रीन तुम्ही पुरवा. शाळेच्या पालक संघाच्या स्टॉलवर सॉसेजची रांग असते. शाकाहारी माणसांचा डबा घरून येऊ द्या.

मोजणीच्या टेबलाशी

मतमोजणी प्रतिनिधी लेखी नेमावे लागतात, आणि उमेदवाराला स्वतःला ते काम करता येत नाही. त्यांनी मतपत्रिकेला हात लावायचा नाही. शंका असेल ती पत्रिका बाजूला काढायला सांगायची. कोणत्या पत्रिकांवर आक्षेप घ्यायचा हे आधी शिकवा: एकाऐवजी दोन चौकटींत १ लिहिलेली, एकही १ नसलेली, मतदाराची ओळख पटेल असे लिहिलेली. पसंतीचे पुढचे आकडे कुठेतरी चुकले असले तरी पहिले १ स्पष्ट असेल तर ती पत्रिका तुमच्या बाजूने लढवा.

त्या रात्री आधी पहिल्या पसंतीची मोजणी होते, मग आयोगाने अंदाजाने निवडलेल्या दोन उमेदवारांमध्ये वाटणी. पोस्टाची मते पुढचे काही दिवस येत राहतात आणि सगळ्या मतपत्रिका पुन्हा तपासल्या जातात. शंभर-दोनशे मतांचा फरक असेल तर स्वयंसेवकांना घरी पाठवू नका. खरी देखरेख सोमवारपासून लागते, आणि तेव्हाच सगळे कामावर परतलेले असतात. रजा आधीच टाकून ठेवा.

चार टक्के ओलांडले किंवा निवडून आलात तर अनामत परत मिळते आणि खर्चाच्या भरपाईचा दावाही करता येतो. दाव्याला मूळ बिले, पावत्या आणि छापलेल्या प्रत्येक साहित्याची प्रत लागते. पत्रकाची एकही प्रत शिल्लक न ठेवल्याने दावा अडतो. मते कितीही मिळोत, देणग्या आणि खर्चाचे विवरणपत्र हरलेल्यालाही भरावे लागते. एक डॉलरही आला नसेल तरी शून्याचे विवरणपत्र भरा, मोहिमेचे खाते सगळी बिले चुकती होईपर्यंत बंद करू नका, आणि कुंपणांवरचे फलक महापालिकेची नोटीस येण्याआधी उतरवा.